पाना हाती घेतलेली टेरेसा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून आमच्या गावी आली ती एसटीनं नाही, चक्क मोटारसायकलवर. आणि एकटी! दारात गाडी लावून तिनं हेल्मेट काढलं तेव्हा समोरच्या ओट्यावर बसलेल्या तिन्ही आज्या बोलायच्या थांबल्या होत्या. गाडीसुद्धा आपल्या रोजच्या ओळखीतली नव्हे. उंच, सडपातळ, पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर उचललेलं, टायरला खोल खोल खोबणी. 200 सीसीची ही गाडी म्हणे डांबरी रस्त्यावर चालते तशीच माळरानातल्या कच्च्या वाटेवरही चालते. आमचे हे बाहेर आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि आपण सगळेच विचारतो तो प्रश्न त्यांनी विचारला. रस्त्यात बंद पडली असती तर काय केलं असतंस?

पोरगी काहीच बोलली नाही. मागच्या बॅगेतून तिनं कॅनव्हासची एक गुंडाळी काढली आणि ओट्यावर उलगडली. आत ओळीनं लावलेले पाने, प्लग काढायचा पाना, जादा ट्यूब, हवा भरायचा हातपंप, क्लचची जादा केबल, एक तारेचा ब्रश. आपल्याकडे मसाल्याचा डबा उघडावा तसं सगळं जागच्या जागी. हे गप्प झाले. आणि मग तिनं त्याच बॅगेतून एक इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. मावशी, तुला दिवाळीची भेट, म्हणाली. पुस्तकाचं नाव ‘द रगेड रोड’, लेखिका टेरेसा वॉलाक.

मैत्रिणींनो, मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. इंग्रजी पुस्तक वाचायचं म्हणजे मला डिक्शनरी शेजारी घेऊन बसावं लागतं. पण फराळाच्या डब्यांची आवराआवर झाल्यावर दुपारी हे पुस्तक उघडलं आणि पुढचे पंधरा दिवस माझी दुपारची झोप गेली ती गेलीच! मोटारसायकलप्रेमी मंडळींमध्ये जगभर हे नाव आदरानं घेतलं जातं. मला मात्र चाळिशी ओलांडेपर्यंत ते ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी अनेकींनाही नसेल, म्हणून आज तिच्याविषयी.

टेरेसाचा जन्म 30 एप्रिल 1909चा, इंग्लंडमधला. वाढली लंडनमध्ये. मोटारसायकलचं वेड तिला पोरवयातच लागलं आणि ते घरच्यांना मुळीच पसंत नव्हतं. पसंत कसं असेल? मुलीच्या जातीला तेलकट हात शोभत नाहीत, हे सांगायला आपला देशच लागतो असं थोडंच आहे. पण ही मुलगी नुसती हौशी नव्हती. 1928 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती लंडनच्या नॉर्दॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग शिकायला गेली. इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं, म्हणजे एकविसाव्या वर्षापासून मताचा हक्क मिळाला तो त्याच वर्षी, 1928 मध्ये. त्यावरून काळाचा अंदाज यावा. ती शर्यतींत उतरू लागली, बक्षिसं मिळवू लागली आणि गाडी नुसती पळवायची नाही तर उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची हे शिकत गेली.

त्याच वर्तुळात तिला मैत्रीण भेटली, फ्लॉरेन्स ब्लेंकिरन. ही तर आणखीनच धाडसी! लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा एक प्रसिद्ध ट्रॅक होता, काँक्रीटचा, वळणावर भिंतीसारखा उभा चढलेला. तिथं शर्यतीत ताशी 100 मैलांच्या वर वेगानं फेरी पूर्ण करणाऱ्याला सोन्याचा तारा मिळायचा. 1934 मध्ये तो मिळवणारी ब्लेंकिरन ही पहिली बाई. त्याच वर्षी दुसरी आली बिअॅट्रिस शिलिंग. ही बिअॅट्रिसही इंजिनिअर, आणि पुढे महायुद्धात तिनं मोठंच काम केलं. इंग्रजांची लढाऊ विमानं खाली सूर मारताना इंजिन आचके देऊन बंद पडायचं, कारण कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा पूर यायचा. तिनं पेट्रोलच्या वाटेत बसवायला भोक पाडलेली धातूची एक छोटीशी चकती शोधून काढली आणि आचके थांबले. विषय जरा बाजूला गेला खरा, पण कार्बोरेटर हा काही पुरुषांचाच प्रांत नाही हे लक्षात राहावं म्हणून सांगितलं.

तर टेरेसा आणि ब्लेंकिरन या दोघींनी ठरवलं, लंडनहून मोटारसायकलवर निघायचं आणि आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला, केपटाऊनला पोचायचं. मध्ये काय? तर सहारा वाळवंट, मग विषुववृत्तावरची जंगलं, मग पूर्व आफ्रिकेतले डोंगर-पठारं. तोवर मोटारसायकलवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आफ्रिका कुणी, म्हणजे पुरुषानंही, पार केलेली नव्हती.

गाडी होती पँथर. यॉर्कशायरमधल्या फेलन अँड मूर कंपनीची, 600 सीसीची, एकाच मोठ्या सिलिंडरची. या गाडीची गंमत म्हणजे सिलिंडर पुढच्या बाजूला तिरका झुकलेला आणि फ्रेमचा पुढचा पाइप असतो त्या जागी इंजिनच बसवलेलं. म्हणजे इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग! बाजूला साइडकार. साइडकार म्हणजे ‘शोले’त जय-वीरूच्या गाडीला होती तशी. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून मागे सामानाचा ट्रेलर. तंबू, भांडीकुंडी, पाणी, पेट्रोल, सुटे भाग असा अख्खा संसार त्या एका सिलिंडरनं ओढायचा होता. 11 डिसेंबर 1934 ला त्या लंडनहून निघाल्या. टेरेसा तेव्हा पंचवीस वर्षांची होती.

समुद्र ओलांडून अल्जिअर्सला पोचल्यावर पहिली अडचण वाळूची नव्हती, साहेबांची होती. सहारात तेव्हा फ्रेंचांचा अंमल. दोन बायका, सोबत पुरुष नाही आणि वाळवंटात जायचं म्हणतात. परवानगी द्यायला अधिकारी तयार होईनात. ही पानं वाचताना मला आमच्या बचत गटाच्या कर्जाची फाइल घेऊन काढलेले हेलपाटे आठवले. कागद सगळे पूर्ण, पण समोरचा माणूस एकदा आपल्याकडे बघतो आणि एकदा दाराकडे, की हिच्यासोबत आणखी कुणी आलंय का! दोघी हटल्या नाहीत आणि शेवटी परवानगी निघाली.

इथं एक गोष्ट मला खटकली तीही सांगते. त्या वेळी जवळजवळ सगळा आफ्रिका खंड युरोपीय सत्तांच्या ताब्यात होता, जसे आपणही इंग्रजांच्या ताब्यात होतो. या दोघींना वाटेत फ्रेंच सैन्याच्या ठाण्यांवर आसरा मिळाला, पुढे इंग्रजांच्या वसाहतींत पाहुणचार मिळाला. तिथल्याच एखाद्या काळ्या मुलीला असं हिंडायचं असतं तर तिला कुणी दार उघडलं नसतं. त्यांच्या धाडसाचं मोल यानं कमी होत नाही, पण वाचताना हे मनात राहिलंच.

सहाराचा प्रवास वाचताना मी दोनदा उठून पाणी प्यायले. त्यांच्याजवळ साधं होकायंत्रही नव्हतं. मदतीला मागून येणारी गाडी नाही, वायरलेस नाही. वाळूत जड गाडीचं काय होतं हे आपण नदीकाठी बैलगाडी रुतलेली पाहिली असेल तर कळेल. चाक फिरतं, गाडी हलत नाही, उलट आणखी खाली जाते. वाळूतून जाताना टायरमधली हवा थोडी कमी करतात, म्हणजे टायर पसरतं आणि ओझं जास्त जागेवर वाटलं जातं, हे मला भाचीनं समजावून सांगितलं. उंटाचा पाय कसा पसरट असतो, तसं. पण ट्रेलरसकट एवढ्या ओझ्याला ते तरी किती पुरणार? खणायचं, ढकलायचं, थोडं पुढं जायचं, पुन्हा खणायचं. एकीनं हँडल धरायचं आणि दुसरीनं मागून जोर लावायचा, असे दिवसच्या दिवस.

तामनरासेत ओलांडून अगादेझच्या वाटेवर असताना जे व्हायचं तेच झालं. इंजिननं दगा दिला. काय बिघडलं ते नीट सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. पायाचं शिलाई मशीन आठवा. आपण पायटा खाली-वर हलवतो आणि एक दांडी मोठं चाक फिरवते. मोटारसायकलच्या इंजिनात पायट्याच्या जागी पिस्टन असतो. तो सिलिंडरमध्ये खाली-वर होतो आणि त्याला जोडलेली दांडी खालचा आस फिरवते. दांडी जिथं त्या आसाला जोडलेली असते तिथलं बेअरिंग म्हणजे इंजिनचा गुडघाच म्हणा ना! सगळा जोर त्याच्यावर. तेच निकामी झालं. हे बाहेरून ठोकून, किक मारून दुरुस्त होत नाही. अख्खं इंजिन गाडीपासून वेगळं करून, सिलिंडर उतरवून, पोट फाडून आत शिरावं लागतं.

कशीबशी गाडी अगादेझला पोचली. सुटे भाग मागवले. आणि ते आल्यावर या दोन मुलींनी वाळवंटाच्या कडेच्या त्या गावात इंजिन पूर्ण उघडून, नवे भाग बसवून पुन्हा जोडलं. ना गॅरेज, ना वर्कशॉप, ना कुणी विचारायला. एखादा वायसर राहिला, एक कण वाळू आत गेली, तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून! आणि गाडी सुरू झाली. साधीसुधी सुरू नाही झाली, त्यांना केपटाऊनपर्यंत घेऊन गेली.

इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. कारण मला माझी मोपेड आठवली.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बचत गटाच्या कामाला मी एक जुनी मोपेड घेऊन वाड्या-वस्त्यांवर जायची. दोन मुलं लहान, सासूबाई घरी, त्यामुळे दिवेलागणीच्या आत परतायचं हा अलिखित नियम. एका श्रावणात चौदा किलोमीटरवरच्या वस्तीवरून येताना गाडीनं जीव टाकला. मागे आमच्या गटाची एक बाई बसलेली. पेट्रोल होतं, पेडल मारून मारून पाय भरून आले, गाडी काही बोलेना. पावसात तीन किलोमीटर ढकलत आणली आम्ही दोघींनी. घरी आले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. कुणी ओरडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सासूबाई शांतपणे म्हणाल्या की आता ही वस्तीची कामं तू बंदच कर. नवऱ्यानं मान वर केली नाही. म्हणजे बघा, बंद पडली गाडी आणि बंद पडायची वेळ आली माझ्या कामावर!

गाडी एका गॅरेजात टाकली. त्या माणसानं दोन दिवस ठेवून घेतली, कॉइल बदलली, कार्बोरेटरचा किट बदलला असं सांगून माझ्याकडून अकराशे रुपये घेतले. महिन्याभरात गाडी पुन्हा तशीच. मग बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी प्लगचा पाना लावला, प्लग बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला काजळी! दिव्याच्या काचेवर धरते तशी. जुन्या मोपेडमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असतं आणि ते अंदाजानं जास्त पडलं की प्लगवर काजळी धरते, मग ठिणगी पडत नाही. मी ऑइल डोळ्यानंच घालत होते, भाजीत तेल घालते तसं. काकांनी तारेच्या ब्रशनं टोक घासलं, फट नीट केली, परत बसवला. पहिल्या पेडलला गाडी सुरू. पैसे घेतले नाहीत. उलट मला जवळ बसवून तीनदा प्लग काढायला आणि लावायला लावला. त्यानंतर ती मोपेड माझ्याकडे सहा वर्षं होती आणि डिकीत प्लगचा पाना कायम होता. वस्तीची कामं बंद झाली नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

माझी काजळी कुठे आणि टेरेसाचं बेअरिंग कुठे, हे मला कळतं. तरीही.

असो. पुन्हा आफ्रिकेत जाऊ. अगादेझहून दोघी कानोला पोचल्या, म्हणजे आजच्या नायजेरियात, आणि सहारा मागे पडला. पुढे विषुववृत्तावरची दाट जंगलं, चिखल, काँगो, युगांडा, केनिया. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, त्यांची एका मोटारीशी समोरासमोर टक्कर झाली. एवढ्या मोकळ्या मुलखात, जिथं दिवसेंदिवस दुसरं वाहन दिसत नाही, तिथं जे एक दिसलं तेच येऊन धडकलं! याला म्हणतात नशीब. त्यातूनही सावरून, 29 जुलै 1935 ला त्या केपटाऊनला पोचल्या. साडेसात महिने लागले. ब्लेंकिरनची तर हौस तरीही फिटली नव्हती, ती परतीच्या वाटेलाही मोटारसायकलवरच लागली.

एवढं करून आलेल्या मुलीचं पुढे काय झालं? आपल्याला अशा गोष्टी इथंच संपवायची सवय असते. पण मला टेरेसाचं पुढचं आयुष्यच जास्त आवडलं.

1939 मध्ये ब्रुकलँड्सच्या त्याच ट्रॅकवर, पावसात, दुसऱ्याकडून घेतलेल्या 350 सीसीच्या नॉर्टनवर तिनं 100 मैलांच्या वर वेगानं फेरी मारली आणि सोन्याचा तारा मिळवला. पँथर 600 सीसीची होती, हिचं इंजिन त्याहून बरंच लहान, हेही लक्षात घ्या. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि ब्रुकलँड्सवरच्या शर्यती कायमच्या थांबल्या. त्यामुळे हा तारा मिळवणाऱ्या बायका इतिहासात तीनच राहिल्या. ब्लेंकिरन, शिलिंग आणि टेरेसा.

युद्धात ती सैन्याच्या महिला विभागात दाखल झाली, मेकॅनिक म्हणून. पुढे मोटारसायकलवरून लष्करी निरोप पोचवण्याचं काम तिच्याकडे आलं. ब्रिटिश सैन्यात हे काम करणारी ती पहिली बाई मानली जाते.

युद्ध संपल्यावर तिनं काय करावं? तर एक नॉर्टन गाडी घेतली आणि अमेरिकेला गेली. या वेळी एकटी. साइडकार नाही, ट्रेलर नाही. जेवढं गाडीवर मावेल तेवढंच सामान. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको असे अडीच वर्षांत 32,000 मैल, म्हणजे 51 हजार किलोमीटरच्या वर ती फिरली. गाठीशी पैसा नव्हता. पैसे संपले की ज्या गावात असेल तिथं मिळेल ते काम करायची. कधी विमानांच्या दुरुस्तीचं, तर कधी खानावळीत भांडी घासायचं. चार पैसे जमले की पुन्हा किक. भांडी घासणं आणि विमान दुरुस्त करणं या दोन्हींत तिला कमी-जास्त वाटलं नसावं, असं मला आपलं वाटतं.

हा दुसरा प्रवास वाचताना मला सारखी भाचीची ती सडपातळ गाडी दिसत होती. पँथरच्या वेळी त्या दोघींनी घर सोबत नेलं होतं आणि ते घर वाळूतून ढकलण्यात निम्मी शक्ती गेली. एकटीनं जायचं तर गाडी हलकी हवी, आणि हलकी म्हणजे काय याचा हिशेब सरळ आहे. पडली तर आपल्याला एकटीला उचलता आली पाहिजे. भाचीच्या गाडीचं वजन दीडशे किलोच्या वर आहे. मी म्हटलं, तू पन्नास किलोची, कशी उचलतेस गं? तिनं अंगणात गाडी मुद्दाम आडवी पाडली (आमच्या ह्यांच्या काळजाचा ठोका चुकला!) आणि दाखवलं. गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे ती घरंगळत नाही. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागचा दांडा धरायचा आणि कमरेनं नाही, मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालत उठायचं. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी राहील खाली आणि तुम्ही जाल डॉक्टरकडे. पाण्यानं भरलेली कळशी उचलणाऱ्या बायकांना हे तंत्र निराळं शिकवायला नको. मी तिसऱ्या प्रयत्नात उचलली.

टेरेसा 1952 मध्ये कायमची अमेरिकेला गेली आणि 1959 मध्ये शिकागोत तिनं स्वतःचं मोटारसायकलचं दुकान काढलं. विक्री आणि दुरुस्ती. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचा तिला एक अनुभव सारखा यायचा. नवशिका माणूस यायचा आणि बोट दाखवायचा सगळ्यात मोठ्या, सगळ्यात ताकदवान गाडीकडे. चालवता येत नाही, पेलत नाही, पण हवी तीच! नुसता धंदा करायचा असता तर विकून मोकळी झाली असती. पण ही बाई लोकांना आधी चालवायला शिकवू लागली. गाडी अंगाला बसली पाहिजे, पाय टेकले पाहिजेत, वेगाच्या आधी तोल आला पाहिजे हा तिचा आग्रह. शिकवता शिकवता शिकवण्यातच तिचं मन रमलं. 1970 मध्ये ‘ईझी मोटारसायकल रायडिंग’ हे तिचं पुस्तक आलं आणि ते चांगलं खपलं. 1973 मध्ये दुकान विकून ती अॅरिझोनातल्या फिनिक्सला गेली, तिथं मोटारसायकल शिकवायची शाळा काढली. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. 1950 मध्ये सुरू झालेल्या मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ती पहिली उपाध्यक्षही होती.

मोटारकार तिनं आयुष्यात कधी घेतली नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नजर कमी झाली तेव्हा कुठे तिनं मोटारसायकल सोडली. आमच्याकडे साठीला आली की बाईनं जिन्यानं वर जाऊ नये असं पोरं सांगतात! 30 एप्रिल 1999 रोजी, म्हणजे बरोबर नव्वदाव्या वाढदिवशी, ती गेली.

आफ्रिकेच्या प्रवासाची हकीकत तिनं स्वतः लिहिली होती, पण ते पुस्तक छापून आलं 2001 मध्ये. तिच्या पश्चात. प्रवासाला तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती. एवढी वर्षं ते कागद पडून राहिले याचं मला वाईट वाटतं. आपल्या घरोघरच्या ट्रंकांत बायकांनी लिहिलेलं असं काय काय पडून असेल कुणास ठाऊक.

भाऊबीज झाली आणि भाची परत निघाली. आदल्या संध्याकाळी तिनं अंगणात गाडीचं सगळं बघितलं. चेन मधोमध बोटानं दाबून ढिली-ताठ पाहिली, घासून तेल दिलं, इंजिनच्या काचेतून ऑइलची पातळी बघितली, टायरची हवा मोजली, क्लचची केबल कुठे तुटत तर आली नाही ना हे टोकाशी निरखून पाहिलं. वीस मिनिटं लागली. ओट्यावरची सगळ्यात म्हातारी आजी शेवटपर्यंत बघत होती. सकाळी निघताना तिनं पोरीच्या हातावर साखर ठेवली आणि गाडीच्या टाकीलाही हळदीकुंकू लावलं. रस्त्यात बंद पडली तर, हे या वेळी आमच्या ह्यांनी विचारलं नाही.

मी नंतर बाजारपेठेतल्या त्या मेकॅनिककाकांकडे जाऊन आले. आता ते थकलेत, दुकान मुलगा बघतो. पण रविवारी दुपारी आमच्या गटाच्या बायकांना स्कूटरचं जुजबी काम शिकवायला ते तयार झालेत. प्लग कसा काढायचा, ऑइलची काडी कशी बघायची, एअर फिल्टर कुठे असतो, ब्रेक ढिला झाला तर काय पिळायचं, एवढंच. अकराजणींनी नावं दिली आहेत. त्यातल्या चौघींकडे स्वतःची गाडी नाही, नवऱ्याची किंवा मुलाची आहे, त्यांनाही या म्हटलंय. येताना हात पुसायला जुन्या लुगड्याचा तुकडा मात्र प्रत्येकीनं आपापला आणायचा आहे.